मंगलाची जीभ

"पोऱ्या कालदिन घर उना नही व माय. तवयपाशी पोटमा गोळा उठेल से," बाकावरची बाई पोट धरून सांगत होती. डॉक्टर नयनाबेननी 'गोळो' एवढं ऐकलं आणि तिला झोपवून पोट दाबायला सुरुवात केली.

"दबावशो नहीं, बेन," मंगलाबाई म्हणाली. "एने फाळ पडी छे. छोकरो घरे नथी आव्यो."

गोळा दुखण्याचा नाही, धास्तीचा आहे हे कळून नयनाबेन हसल्या, हात मागे घेतला आणि बाईला पाणी द्यायला सांगितलं. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात असं रोजच चालायचं. डॉक्टर सुरतेच्या, पेशंट बहुतेक खानदेशातून लूमवर कापड विणायला आलेले, आणि दोघांच्या मध्ये मंगलाबाई. खरं तर ती होती आयाबाई. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली लोक गावाला पळाले, त्यात कंपाउंडर पण गेला तो परत आलाच नाही, आणि त्याचं दुभाष्याचं काम हिच्या गळ्यात पडलं. कणकण, उसण, पोटऱ्या वळणं, काळीज लकलकणं, सगळं ती अहिराणीतून उचलायची आणि गुजरातीत नेऊन ठेवायची. जिथं शब्द सापडायचा नाही तिथं ती स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवायची.

तिचा एक नियम मात्र फार कडक होता. माणूस जेवढं बोलला तेवढंच पोचवायचं, पदरचं मीठ घालायचं नाही. एका सुनेनं हात जोडले होते, 'सासऱ्याला टीबी म्हणू नको, खोकला म्हण.' मंगलाबाई म्हणाली, "म्हातारानं अंग से, म्हाताराले कळालेच पाहिजे." त्यानंतर गल्लीत तिला कोणी कोणी काळजाची कठोर म्हणू लागलं. तिनं ते कधी मनावर घेतलं नाही.

त्या दिवशी दुपारी रांगेत तिचा नवरा हिलाल बसला होता.

हिलाल म्हणजे गल्लीचा भोंगा. जन्म लूमवर गेला, त्या खडखडाटानं कान नेले, आणि कान गेलेल्या माणसाला वाटतं की सगळं जगच बहिरं आहे. पाळी संपवून येताना तो गल्लीच्या तोंडापासूनच "मंगलाऽ!" अशी आरोळी ठोकायचा, आणि निम्म्या गल्लीच्या बायका आपापला स्टोव्ह पेटवायच्या. अलीकडे मात्र त्या आवाजाला चीर पडली होती. तो घोगरा झाला, मग फाटला. विडीमुळे असेल म्हणून आधी काढा झाला, हळद झाली. शेवटी नयनाबेननी मोठ्या इस्पितळात पाठवून तपासणी करवली. तिचा निकाल आज आला होता.

"मंगळाबेन, दरवाजो बंद करो," नयनाबेन म्हणाल्या. पण दरवाजा कुठला! एक हिरवा पडदा होता, आणि त्याच्या पलीकडे अर्धी गल्ली बसलेली.

नयनाबेननी काही लपवलं नाही. गळ्यात गाठ आहे. कॅन्सर आहे. स्वरपेटी काढावी लागेल. जीव वाचेल असं त्यांना वाटतं, पण आवाज राहणार नाही.

मंगलाबाईनं प्रत्येक शब्द ऐकला आणि समजून घेतला. मग तिनं पडद्याची फट ओढून बंद केली.

"काय म्हनस ती?" हिलाल ओरडला. "असं तोंडमातोंडमा काय बोलस? जोरमा सांग ना!"

"बेन, तमे कहो ने," ती म्हणाली. आजवर तिनं असं कधी म्हटलं नव्हतं.

नयनाबेनचे डोळे भरून आले. "मारी वात एना कान सुधी क्यां पहोंचे छे, मंगळाबेन?"

खरंच होतं ते. हिलालला ऐकू जायचं तर ओरडावं लागणार. 'तुमचा आवाज जाणार' हे ओरडून सांगायचं, आणि पडद्याआडच्या सगळ्यांनी ते त्याच्याआधी चघळायचं! शेजारची रखमा तर उद्या पाणी भरताना चुकचुकेल. 'थोडी गाठ से, काढी टाकतीन,' एवढंच म्हणून वेळ मारून नेता आली असती. ऑपरेशनला तो तयार झाला असता. मग शुद्धीवर आल्यावर हाक मारायला तोंड उघडलं असतं. अंग त्याचं होतं, त्यालाच कळायला हवं होतं.

तेव्हा तिला लूमचं खातं आठवलं, हिलालचा कारखाना. त्या गोंगाटात कोण कोणाचं ऐकणार! तिथं सगळं बोलणं हातानंच व्हायचं. दोन बोटं ओढून लांब केली म्हणजे धागा तुटला. चिमटी फिरवली म्हणजे गाठ मारून घे. आडवा तळहात म्हणजे मशीन बंद, मूठ पुढं-मागं म्हणजे चालू. पोटावर हात ठेवला म्हणजे शेठ आला. डबा घेऊन जाता-येता तिनं हे पाहिलं होतं. तिला बघितलं की खात्यातली माणसं नाकालाही हात लावायची. आपल्या डब्याला लसणाचा वास मारतो असं समजून मंगलाबाई बिचारी झाकण घट्ट करून न्यायची.

ती हिलालच्या समोर बसली. स्वतःच्या गळ्यावर मूठ ठेवली, नुसत्या ओठांनी 'कॅन्सर' म्हटलं आणि दोन बोटांची कात्री तिथं चालवली. मग ओठांवर बोट ठेवून ते पुढं नेलं, आवाज निघतो तसं. आणि तळहात आडवा केला.

हिलाल बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्यानं दोन बोटांची चिमटी तिच्यासमोर धरली आणि फिरवली. गाठ मारता येईल का?

तिनं मान हलवली. नाही.

मग तिनं छातीवर हात ठेवला, मूठ वळली आणि पुढं-मागं केली. हे चालू राहील. डॉक्टरांनी जेवढं सांगितलं होतं तेवढंच, तिनं पदरचं काही घातलं नाही. फक्त मूठ थोडी जास्त वेळ हलत राहिली.

हिलालनं टोपी काढली, पुन्हा घातली. "करी टाका," तो त्या फाटक्या आवाजात म्हणाला. "खातामा तरी कोन तोंडवरी बोलस? हातवरीच बोलतस बठ्ठा." पडद्याआड सगळ्यांना हे ऐकू गेलं, पण कोणाला काही कळलं नाही.

मग त्यानं डाव्या नाकपुडीला बोट लावलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"काय?" ती म्हणाली.

"तुनं नाव," तो म्हणाला. "चमकीवाली. खातामा तुले हाईच म्हनतस."

नाकातली चमकी चाचपताना मंगलाबाईला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. पदरानं तोंड पुसून ती उठली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

संध्याकाळी ती स्वयंपाकाला बसली. तिचा स्टोव्ह भिंतीकडे असायचा आणि पाठ खाटेकडे. परातीत पीठ घेतलं आणि तिच्या ध्यानात आलं की हाताची हाक पाठीला ऐकू येत नाही. ती उठली. स्टोव्ह उचलला, डबे सरकवले, आणि खाटेकडे तोंड करून नव्यानं मांडामांड केली. हिलाल खाटेवरून सगळं बघत होता.

भाकरीचं पीठ मळताना त्याची हाक आली. "मंगलाऽ! पानी दे व!"

आवाज फाटका होता, पण भिंतीपलीकडच्या रखमालाही ऐकू गेला असेल. मंगलाबाई अगदी त्याच्या समोर, हातभर अंतरावर बसली होती. तिनं मान वर केली नाही. ऐकूच आलं नाही अशी ती पीठ मळत राहिली, तो आणखी एकदा हाक मारील म्हणून.