मुलींचा संघ आणि संध्याकाळचा हॉल

विद्यापीठाचे लेखाधिकारी काटकसर सुचवायला बसले, की पहिली कात्री कुठे लागणार हे शिपायालाही ठाऊक असे. यंदा पाळी मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची होती. रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागद पसरले.

"हे बघ," ते बायकोला म्हणाले, "चौदा मुली, त्यातल्या सहा नापास. खर्च मात्र चढता. गुण नाहीत म्हणून कॅप्टनची शिष्यवृत्तीही जाणार. संघ बंद केला तर तिचंच भलं होईल."

बायको मटार सोलत होती. एके काळी याच संघात ती खेळायची आणि हे साहेब ग्रंथालयात जातो सांगून कठड्यावर बसायचे. पुस्तक उलटं धरलेलं असायचं, असं ती पाहुण्यांना अजून सांगते.

"आमच्या वेळी एकही नापास नव्हती," ती म्हणाली.

"तुम्ही हुशार होतात."

"हुशार कसल्या? सरावात हरणाऱ्या बाजूने दुसरीला एक धडा समजावून सांगायचा, असा आमचा नेम होता. संध्याकाळी घामाघूम तशाच पायऱ्यांवर बसायचो. ताळेबंदाचं मला ओ की ठो कळत नव्हतं. हरत हरतच शिकले." ती हसली. "आता सराव कधी असतो?"

"दुपारी."

"अहो, दुपारी तर तास असतात."

लेखाधिकारी कागद गोळा करू लागले. संध्याकाळचा हॉल त्यांनीच एका बॅडमिंटन क्लबला भाड्याने दिला होता आणि त्या उत्पन्नाबद्दल पाठही थोपटून घेतली होती.

"आणि मुलगे?"

"त्यांना सकाळचा मिळतो."

"वा, साहेब. आधी ताट ओढून घ्यायचं, मग विचारायचं, पोरगी वाळली कशी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हॉलवर गेले. कॅप्टन बॅग सावरत पळतच निघाली होती.

"थांब जरा."

"आत्ता नको, साहेब. सर दार लावून घेतात."

ते मागोमाग गेले. वर्गाचं दार लागलेलंच होतं. ती व्हरांड्यात भिंतीला वही टेकवून, आतलं ऐकू येईल तेवढं उतरवत होती. त्यांना त्या जुन्या संध्याकाळी आठवल्या: एका पुस्तकावर वाकलेली पाच डोकी, उत्तरावरून जुंपलेली भांडणं, मध्येच फुटणारं हसू. तेव्हा तो सगळा त्यांना पोरखेळ वाटला होता. आणि अभ्यास तर तोच होता!

समितीत त्यांनी संध्याकाळचा हॉल मुलींना परत द्यायचं सुचवलं.

"उत्पन्न बुडेल," कुलसचिव म्हणाले.

"बुडेल. भाडं जमेला धरताना मुलींचे बुडालेले तास मी खर्चात धरलेच नव्हते."

समितीने ते मान्य केलं, क्लबने कुरकुर केली. शिष्यवृत्ती एका सत्रापुरती वाचली. दोन विषय मात्र कॅप्टनला पुन्हा द्यावे लागणार आहेत.

वाचकहो, आपल्याही घरात, कचेरीत मागे पडलेली एखादी मुलगी असेल. तिच्याकडे बोट दाखवण्याआधी तिच्या वाट्याचा वेळ आपण कोणाला देऊन टाकला, ते आठवावं. आणि तो परत करताना उपकाराचा आव आणू नये. आपण फक्त तिचं तिला देत असतो.