फाटक कुणी बसवलं

म्हशीनं पान्हा चोरला तेव्हाच मला कळलं, मागं कुणीतरी येऊन उभं राहिलंय.

चांगली धार लागली होती. बादली अर्धी झाली होती. आणि एकदम हाताला काही लागेना. म्हशीनं कान टवकारले, शेपटी अंगाशी घेतली. मी मान न वळवताच म्हणाले, "भावजी, किती वेळा सांगितलं, धार काढताना गोठ्यात येत जाऊ नका म्हणून."

"अहो वहिनी, मी काय परका आहे? आपलीच म्हैस," असं म्हणत त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. झालं. तिनं पाय उचलला, बादली आडवी, दूध शेणात. तो हसला आणि म्हणाला, "तुमचा हात जड आहे वहिनी. आपल्या म्हशीला हलका हात लागतो."

या माणसाला गाव आपलंकर म्हणायचं. आडनाव वेगळंच होतं, पण ते कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. आपली विहीर, आपला गोठा, आपलं जळण. दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवला की तिथलं सगळं त्याचं आपलं व्हायचं. त्याचं शेत आमच्या घराच्या मागं. त्याला जायला ओढ्याच्या कडेनं धड वाट होती, पण लांबची. आमच्या अंगणातनं, गोठ्याला खेटून गेलं की चार पावलांत शेत. मधे कुंपणाला एक लाकडी फाटक होतं. तिथनं तो यायचा, दिवसातनं दहा वेळा.

आला की हाक नाही, खाकरणं नाही. मी न्हाऊन केस वाळवत बसलेली असायची, हा समोर. चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलायचा, वास घ्यायचा, "मीठ कमी पडलंय" म्हणायचा. चाखायच्या आधीच! माझ्या दुपारच्या झोपेचं तर त्यानं वाटोळंच केलं होतं. डोळा लागला की कानाशी कुरकुर, बघते तर हा आमच्या खाटेवर बसून सुंभ ओढून बघतोय.

ते फाटक आमच्या मालकांनी केलेलं. आमचे मालक निम्मे शेतकरी, निम्मे सुतार. चार वर्षांमागं आपलंकराचा पाय मोडला होता. मी तेव्हा महिनाभर माहेरी होते, आईच्या आजारपणात. परत येऊन बघते तर कुंपणात हे फाटक. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "त्याचा पाय मोडलाय." बास, एवढंच. आमच्या मालकांच्या तोंडातनं शब्द काढणं म्हणजे कोरड्या विहिरीत बादली सोडणं. पाय बरा झाला, कुबडी गेली, फाटक राहिलं. काढा म्हटलं की म्हणायचे, "असू दे. शेजारी आहे."

लाकडाचं मात्र त्यांना भारी वेड. एक खिळा वापरायचे नाहीत. खाचा पाडून, लाकडी खुंट्या ठोकून असा सांधा बसवायचे की पावसात फुगला, उन्हात आटला तरी हलायचा नाही.

त्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. आभाळ दिवसभर भरलेलं आणि वाऱ्याचा पत्ता नाही. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. पिकाचं काही खरं नव्हतं, घर चालत होतं ते दोन म्हशींवर. त्यातली एक गाभण. गोठा होता म्हणून आम्ही होतो, एवढं सरळ.

एक दिवस सकाळी गोठ्यात गेले तर गाभण म्हशीचा खुंटा जागेवर नाही. दोन हात आत, भिंतीकडं ठोकलेला. म्हैस अंग चोरून उभी, तिला बसता येईना. मालकांना विचारलं, त्यांनी 'मी नाही' अशी मान हलवली. दुपारी आपलंकर आला आणि आपण होऊन म्हणाला, "खुंटा जरा आत घेतला बरं का वहिनी. अडत होता."

"कशाला अडत होता?"

"माणसाला नाही. गाडीला," तो म्हणाला आणि माझ्या माठातलं पाणी पिऊन गेला.

 आत्तापर्यंत तो नुसती चीड आणायचा, त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. पुढं आठ दिवसांनी गवताचा भारा घेऊन आले तर हा गोठ्यापाशी. एका हातात दोरी, दुसऱ्या हातानं गोठ्याच्या मेढीच्या खांबावर, बरोबर छातीच्या उंचीला, चुन्याचं बोट ओढत होता. तसंच दुसऱ्या मेढीवर, तिसऱ्या मेढीवर. मी भारा टाकला.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. इथपर्यंत," तो शांतपणे म्हणाला. बोटाचा चुना त्यानं आमच्याच भिंतीला पुसला.

मी त्या खुणा पाणी घालून घासून काढल्या. दुसऱ्या दिवशी परत होत्या. परत घासल्या, परत आल्या. कधी ओढतो तेही दिसेना. मालकांना म्हटलं, अहो काहीतरी बोला! ते मेढीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चुना आहे. लाकडाला अपाय नाही." कपाळावर हात मारून घेतला मी.

आणि मग कचेरीचा कागद आला. शेजारच्या शाळामास्तरांनी वाचून दाखवला. आपलंकरानं अर्ज केला होता, की आमच्या अंगणातनं जाणारी वाट ही त्याची पहिल्यापासूनची हक्काची वाट आहे, त्यावर त्याचं स्वतःचं फाटक आहे, आणि आता ट्रॅक्टर जाईल एवढी रुंदी मिळावी. म्हणजे गोठा पाडा. चुन्याच्या खुणा कुठपर्यंत होत्या ते आता कळलं. निम्मा गोठा आणि वैरणीची सगळी जागा.

मी मालकांना समोर बसवलं. "हे बघा, कचेरीतनं एक बाई येणार आहेत जागा बघायला. तुम्ही फाटकाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तुम्ही बसवलं म्हणालात की वाट होती हे आपणच कबूल केल्यासारखं. फाटक कुणाचं, कधीचं, काही माहीत नाही. कळलं?"

त्यांनी मान हलवली. एवढं ठरलं आणि मी निर्धास्त झाले, कारण न बोलणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

बाई आल्या त्या दिवशी आभाळ डोक्याला टेकल्यासारखं खाली आलेलं. उकाड्यानं म्हशी तोंड उघडून धापत होत्या. बाई तरण्या होत्या, पण नजर बारीक. फीत धरली, कागदावर रेघा मारल्या, म्हशींना चुचकारलं. आपलंकर त्यांच्या बरोबरीनं चालत होता, आमच्याच अंगणात त्यांना खाट दाखवत होता, "बसा बाई, आपलंच घर आहे." मलाच म्हणाला, "वहिनी, बाईंना पाणी आणा."

मी पाणी आणलं. 

"फाटक कुणी बसवलं?" बाईंनी विचारलं.

"मी," आपलंकर लगेच म्हणाला. "फार वर्षं झाली. पहिल्यापासूनची वाट ना. मीच करून घेतलं."

मी मालकांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. शाब्बास, मनात म्हटलं, असेच राहा.

"कुणाकडनं करून घेतलं?"

"होता एक शिकाऊ. हातात कला नव्हती बिचाऱ्याच्या." त्यानं फाटकाला हात घातला आणि गदागदा हलवलं. "बघा ना, सांधे कसे खिळखिळे. आता ट्रॅक्टरसाठी चांगलं लोखंडी घालणार आहे. हे जळणात टाकायच्या लायकीचं."

मालकांचे कान लाल झाले. मी त्यांचा सदरा मागनं ओढला. पण त्यांनी माझा हात झटकला. लग्नाला बावीस वर्षं झाली, कधी झटकला नव्हता.

"खिळखिळे?" ते म्हणाले. "कुठं खिळखिळे, दाखव!"

"अहो..." मी म्हटलं.

"माझ्या हातचं आहे ते! एक खिळा काढून दाखव त्यातनं. चार वर्षं झाली, एक सांधा सुटला असेल तर हात तोडून देईन. शिकाऊ म्हणतोस? कुणासाठी केलं होतं रे? दारात येऊन हात जोडून उभा होतास. दादा, पाय मोडलाय, ओढ्याकडनं जाववत नाही, पाय बरा होईतो तुझ्या अंगणातनं जाऊ दे म्हणून!"

सगळं बाहेर.  गेला गोठा. बावीस वर्षं माणूस गप्प बसला आणि नको त्या दिवशी बोलला. मला रडूच आलं.

बाईंनी लिहायचं थांबवलं होतं. "याचा काही पुरावा?" त्यांनी मालकांना विचारलं.

"कडी बघा," मालक म्हणाले.

बाई फाटकापाशी गेल्या. कडी उघडायला त्यांना चांगलंच वाकावं लागलं.

"एवढी खाली का?"

"हा कुबडी टेकून यायचा. पुढं वाकलेला. हात वर करायला गेला की तोल जायचा. म्हणून मी त्याला उभं करून माप घेतलं आणि कडी तिथं लावली. आणि पाय सरकवत यायचा, म्हणून खालची फळी ठेवलीच नाही. धडधाकट माणसासाठी असलं फाटक कोण करेल, बाई?"

बाई आपलंकराकडं वळल्या. "तुमचा पाय मोडला होता?"

"मोडला होता. पण त्याचा इथं काय..."

"कधी?"

"झाली की तीन-चार वर्षं."

"आणि फाटक फार वर्षांचं, पहिल्यापासूनचं. मग पाय मोडायच्या आधीच कडी कुबडीच्या मापानं लावली होती का तुम्ही?"

 पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "ते काही का असेना! यांनी कबूल केलंय की नाही मी इथनं जातो म्हणून? चार वर्षं जातोय! वाट आहे म्हणजे आहे!"

"जाता ना," बाई म्हणाल्या. "पण मागून घेतली होती तुम्ही. पाय बरा होईपर्यंत. मागून घेतलेल्या वाटेवर हक्क लागत नाही. तुम्ही फाटक स्वतःचं म्हणालात ते त्याचसाठी, हे मला माहीत आहे." आणि त्यांनी मालकांना कागदावर सही करायला सांगितली.

मी डोळे पुसले. जे बोलू नये म्हणून मी माणसाचं तोंड शिवत होते, त्यानंच गोठा वाचला होता. लाजच वाटली मला.

बाईंची गाडी वळणाआड गेली. आपलंकर मात्र गेला नाही. खाटेवर बसून राहिला. राग नाही, काही नाही. सावकाश म्हणाला, "चांगलं बोललात दादा. पण वहिनी, मालक काय कायमचे इथं उभे राहणार आहेत का सांगायला? मी आहे अजून. फाटकही आहे." मग उठला, गाभण म्हशीकडं थोडा वेळ बघत उभा राहिला आणि फाटकातनं निघून गेला.

 मी मालकांना म्हटलं, "फाटक आज निघालं पाहिजे. आत्ता."

ते हो म्हणाले. हत्यारं आणली. खुंट्या ठोकून बघितल्या, एक हलेना. पाणी सोडलं, पाचर घातली, तासभर घाम गाळला. त्यांनी इतकं चांगलं केलं होतं ते फाटक की त्यांच्याच्यानं सुटेना. शेवटी करवत घेतली. पहिल्या ओढीला थांबले.  मग दात आवळून कापत सुटले, आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं ते पुसलंसुद्धा नाही.

आवाज ऐकून आपलंकर आला. नेहमीसारखा सरळ आत. फाटक एका बाजूनं कललं तसं त्यानं पुढं होऊन ते पेललं.

"थांब दादा, एकट्याचं काम नाही ते. मी धरतो."

मालक थांबले. मी हातातली वैरण खाली ठेवली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की त्याचा श्वास लागत होता.

"धरा," मी म्हटलं. "पण पलीकडनं धरा."

तो हसला. मी हलले नाही. मागं करवतही थांबलेली. फाटकाचं ओझं त्याच्या हातावर होतं, सोडता येईना. त्यानं माझ्याकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं. मग एक पाय उचलला, कुंपणापलीकडं ठेवला. आणि मग दुसरा.