अक्रातला अर्धा दिवस

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी बैठक आहे, आणि मला कोणी साधं स्टूल म्हटलेलं मला मुळीच खपत नाही. स्टूल चार तुकडे ठोकून बनतं. मी अखंड आहे. अह्विया गावच्या एका कारागिरानं सेसे नावाच्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून मला कोरून काढलं. खाली सपाट पाया, मधे नक्षीचे खांब आणि वर बसायला खोलगट जागा, दोन्ही टोकं वर उचललेली. माझ्यात खिळा नाही की सांधा नाही. एवढं सांगून टाकलं म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

आमच्याकडे लग्न झालं की नवरा बायकोसाठी बैठक आणतो. तिचं मन घरात स्थिर व्हावं म्हणून. माझ्या मालकिणीच्या, बिरागोच्या, नवऱ्यानं मला आणलं आणि चौथ्या वर्षी तो स्वतःच मालाचा ट्रक घेऊन किनाऱ्याकडे गेला, तो आजतागायत परतला नाही. मी मात्र राहिले. माझ्यावर बसून बिरागोनं चाळीस वर्षं शेंगदाणे वाटले आणि त्यांचा लगदा डब्यांतून बाजारात विकला. तिची लेक बाळंतपणात गेली, तेव्हा मागे राहिलेल्या तान्ह्या फ्रिम्पोमाला तिनं माझ्यावर बसूनच वाढवलं. दर शनिवारी ती मला वाळू आणि लिंबानं घासायची. उठताना मला आडवी करून ठेवायची, कारण रिकामी बैठक उभी राहिली तर येणारंजाणारं काहीबाही तिच्यावर बसतं. हसू नका. तुमच्या खुर्च्यांवर कोण कोण बसून जातं, ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक असतं?

फ्रिम्पोमा परिचारिका झाली. राजधानीत, अक्रात, तिला टोपी आणि बिल्ला मिळणार होता. अशा वेळी आमच्याकडे नुसत्या टाळ्या वाजवून भागत नाही. पोरीचं नाव पुकारलं की तिच्या घरच्यांनी उभं राहून आरोळी ठोकायची, पुढे धावायचं आणि तिच्या मानेला, दंडांना पांढरी पावडर फासायची. जिंकून आलेल्याचा तो मान आहे. ज्या पोरीसाठी कोणीच ओरडत नाही, ती शांतपणे चालत येते, शांतपणे उतरते, आणि तिचं कोणी नाही हे साऱ्या सभागृहाला कळतं.

"आजी, तू नको येऊस," फ्रिम्पोमा फोनवर म्हणाली होती. "तुझे गुडघे दुखतात. एवढ्यासाठी कशाला?"

बिरागोनं फोन ठेवला आणि पावडरचा मोठा डबा विकत आणला.

अडचण अशी होती, की तिचा थोरला भाऊ नुकताच वारला होता आणि त्याचा आठवड्याचा विधी सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होता. घराण्यातली वडीलधारी बाई म्हणून तिच्यावाचून तो होणार नव्हता. म्हणजे पहाटे निघायचं, नऊला अक्रात पोचायचं आणि साडेचारच्या बसनं परत फिरायचं. बरोबर तिच्या बहिणीचा मुलगा बेदियाको. तो शाळामास्तर. त्यानं कागदावर कार्यक्रम आखला होता: सोहळा, मग बसस्टँड, बस येईपर्यंत बाकावर बसणे.

"बाकावर बसायला मी अक्राला जातेय का?" बिरागो म्हणाली. "मला तिचं नाव ऐकायचंय, तळलेला मासा खायचाय आणि समुद्र बघायचाय."

"मावशी, एवढ्या वेळात तिन्ही होत नाहीत."

"तू सोडून दे एखादं. मी नाही सोडणार. आणि ही बैठक घे बरोबर. शहरातल्या खुर्च्या उंच असतात, माझे पाय लोंबकळतात."

"लोक हसतील गं!"

"हसू देत. फुकट आहे."

अशी मी जन्मात पहिल्यांदा बसमध्ये बसले. बसनं काय करावं? अर्ध्या वाटेवर इंजिनाचा पट्टा तुटला म्हणून साडेतीन तास रस्त्याकडेला उभी राहिली. बेदियाको दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता, बिरागो ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. अक्रात उतरलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सोहळा अकरालाच सुरू झाला होता.

बेदियाकोच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन, म्हणून त्यानं मला मानेवर घेतलं. मावशीला गर्दीतून वाट मिळावी म्हणून तो पुढे चालला. मागून निळं-पांढरं कापड नेसलेली बिरागो, काठी टेकत. आता आमच्या देशात मानेवर बैठक घेऊन माणूस पुढे आणि मागून सावकाश येणारी म्हातारी, याचा अर्थ एकच होतो: कुठल्यातरी गावची राणीमाता चालली आहे. हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. बाजारातली गर्दी दुभंगली. टोमॅटोवाल्या बायका गुडघ्यात वाकल्या. एका हातगाडीवाल्यानं गाडी मागे घेतली.

"मावशी," बेदियाको म्हणाला, "अक्राची माणसं किती सज्जन आहेत बघ. उगाच बदनाम केलंय लोकांनी."

महाविद्यालयाचं फाटक बंद होतं. उशिरा आलेले वीस-पंचवीस लोक बाहेर आरडाओरडा करत होते आणि पहारेकरी कोणाला दाद देत नव्हता. त्यानं मला पाहिलं. टोपी काढली, पायांतल्या चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि फाटक सताड उघडलं. तेव्हा कुठे बेदियाकोच्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या मानेचा घाम माझ्या पायाला लागला.

"मावशी, ते तुला राणीमाता समजतायत!"

"मी तसं म्हटलं का त्याला?"

"नाही."

"मग चल."

पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून आलेल्या गावप्रमुखांच्या शेजारी मखमलीची खुर्ची मिळाली. बिरागोनं मला बाजूला आडवी ठेवली. स्टेजच्या पायऱ्यांपाशी मुलींची रांग होती. फ्रिम्पोमापुढे अजून सात-आठ जणी होत्या. प्रत्येक नावाला मागे कुठेतरी आरोळी उठायची, पावडर उडायची. आमची पोर मान खाली घालून जमिनीकडे बघत उभी होती. तिनं आम्हाला पाहिलंच नव्हतं.

इतक्यात काळ्या कोटातल्या एक बाई हातात यादी घेऊन आल्या. "राणीमाता, आपलं गाव कोणतं? माइकवरून आपलं नाव जाहीर करायचं आहे."

बेदियाकोनं मावशीच्या दंडाला हळूच चिमटा काढला. खरं सांगते मित्रांनो, तिनं खोटं बोलावं असं मलाही वाटलं. एका गावाचं नाव घ्यायचं, दहा मिनिटं निभावून न्यायची. काय बिघडणार होतं?

"बाई, मी राणीबिणी नाही," बिरागो म्हणाली. "शेंगदाणे वाटून विकते. माझी नात त्या रांगेत आहे."

बाईंचा चेहरा एकदम बदलला. "मग इथं बसलातच कशा? उठा. ही मान्यवरांची जागा आहे. मागे जाऊन उभ्या राहा."

मागे म्हणजे दरवाज्याबाहेर. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. तिथून ना पोरीला आजी दिसली असती, ना आजीला पोर.

बिरागो उठली. बेदियाकोनं निमूटपणे पिशवी उचलली. पण ती गेली नाही. तिनं मला उभी केली, त्या खुर्चीच्या समोर मोकळ्या जागेत ठेवली आणि माझ्यावर बसली. दोन्ही पाय जमिनीवर, काठी मांडीवर.

"खुर्ची तुमची होती, ती दिली," ती म्हणाली. "ही माझी आहे."

"हा काय तमाशा आहे? पहारेकरी! ह्यांना बाहेर काढा."

पहारेकरी आला. मघाचाच तो. त्यानं बिरागोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या बैठकीवरून ओढून उठवायचं हे आमच्याकडे कोणाच्या हातून सहजासहजी होत नाही.

"ती राणीमाता नाही, ऐकलंस ना?" बाई म्हणाल्या.

"ऐकलं, मॅडम."

"मग उचल!"

"मॅडम, नोकरी घ्या हवी तर. हे माझ्या आजीला कळलं तर ती मला घरात घ्यायची नाही."

मी माझा पाया जमिनीत रुतवून बसले होते. बिरागोनं आपलं सगळं वजन माझ्यावर दाबून टाकलं होतं. भीतीनं नव्हे, संतापानं. चाळीस वर्षं तिला बाजारात इथून ऊठ, तिथून सरक असंच ऐकावं लागलं होतं.

आणि माइकवरून नाव आलं, "फ्रिम्पोमा!"

थोड्या टाळ्या वाजल्या. पोर पायऱ्या चढू लागली, तशीच खाली बघत.

बिरागो अशी ओरडली की स्टेजवरच्या पाहुण्यांनी दचकून पाण्याचे ग्लास धरले. मी जन्मात तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. ती काठी टाकून धावली. हो, ते गुडघे धावले. फ्रिम्पोमानं वर पाहिलं आणि भर स्टेजवर तिचं तोंड रडवेलं झालं.

"आजी! तू आलीस?"

"मग काय, पावडर पोस्टानं पाठवू? मान वर कर आधी, लावायची कशी मी?"

तिनं अख्खा डबा रिकामा केला. मानेवर, दंडांवर, नव्या टोपीवर, बिल्ला देणाऱ्या पाहुण्यांच्या बाहीवर आणि आवरायला धावलेल्या बाईंच्या काळ्या कोटावर. मागून अनोळखी माणसांनीही आरोळ्या ठोकल्या. पहारेकऱ्याचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.

बाहेर पडलो तेव्हा अडीच वाजत आले होते.

"आता सरळ स्टँडवर," बेदियाको म्हणाला.

"बस कितीला?"

"साडेचारला."

"मग तोंड कशाला पाडतोस? समुद्राची वाट विचार."

किनाऱ्यावर ओल्या वाळूत मला टेकवून बिरागोनं नातीबरोबर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेला मासा खाल्ला. मासा तिला आवडला. समुद्र नाही आवडला. "फार बडबड करतो," म्हणाली. पण लाट येऊन तिचे पाय भिजवून गेली तेव्हा मात्र दोनदा "अजून एक येऊ दे" म्हणाली. बस सुटायला तीन मिनिटं उरली असताना आम्ही स्टँडवर पोचलो आणि शहर संपायच्या आत ती झोपली होती.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. ती गेल्यावर घरच्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि मला परसात पाण्याच्या पिंपाखाली सारलं. दोन पावसाळे मी कोंबड्यांच्या विष्ठेत काढले. माझ्या एका खांबाला भुंगा लागला. अक्रात माझ्यापुढे वाकणारे सगळे कुठे गेले होते कोण जाणे. शेवटी फ्रिम्पोमा सुट्टीवर आली, तिनं पिंप ढकलून मला बाहेर काढलं आणि घरच्यांशी असं भांडण केलं की शेजारी ऐकायला जमले.

आता मी तिच्या इस्पितळात असते, एका वॉर्डच्या कोपऱ्यात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला घासा, पुसा, उन्हात वाळवा. पण शोभेला मांडू नका. आम्हाला माणसाचं वजन हवं असतं. वापरल्याशिवाय आम्ही टिकत नाही.

इथे आजाऱ्यांना भेटायला लांबून माणसं येतात. भेटीची वेळ एक तास. खुर्च्या मोजक्या, त्या डॉक्टरांसाठी. बाकीचे तासभर भिंतीला टेकून उभे. नव्या मुख्य परिचारिकेनं दोनदा बजावलं, की हे लाकूड इथे शोभत नाही, ते उचला. फ्रिम्पोमा "हो" म्हणते आणि मला दुसऱ्या खाटेजवळ नेऊन ठेवते.

काल एक बाई मुलाला बघायला आली. तीन गाड्या बदलून आलेली, परतीची शेवटची गाडी चारची. ती पोराचा हात धरून ओणवी उभी होती. फ्रिम्पोमानं मला तिच्यामागे आणून ठेवलं. बाई बसायला वाकली, तेवढ्यात दारात मुख्य परिचारिका दिसली, तशी ती पुन्हा उभी राहिली.

"राहू दे सिस्टर," ती हळूच म्हणाली. "त्या रागावतील."

फ्रिम्पोमानं तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला माझ्यावर बसवलं.

"रागावू देत," ती म्हणाली. "तुमचा अजून पाऊण तास आहे."