नऊ तासांची एक सकाळ

"अक्का, अंतर सात हजार किलोमीटर," धाकट्या भावाने फोनवर सांगितलं होतं. "विमानाला नऊ तास लागतात. पण तिकडून सकाळी आठला निघालीस, तर इथे उतरशील तेव्हा इथले सकाळचे नऊच वाजलेले असतील."

"मला बनवू नकोस," अक्का म्हणाली होती. "मधले तास काय हवेत विरघळतात?"

"सूर्य जातो तिकडेच विमान येतं गं. बसलीस की कळेल."

अक्काची बेकरी होती. लोकांचा दिवस उजाडेपर्यंत तिचा अर्धा सरलेला असायचा. आईवडील गेल्यावर धाकट्याला तिनेच वाढवलं. मग तो नोकरीसाठी समुद्रापार गेला, तो गेलाच. येईन येईन म्हणता बावीस वर्षं निघून गेली. आणि आता, पन्नाशी उलटल्यावर, स्वारी लग्नाला उभी राहिली होती! अक्काने भट्टी विझवली, दाराला कुलूप घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली.

विमान वर चढलं. मग ढग खाली राहिले, मागून तिरपं कोवळं ऊन तिच्या डाव्या खांद्यावर पडलं, आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तरी ऊन तिथेच. खाणं आलं, खाऊन झालं, ऊन काही हलेना. पुन्हा झापड आली. स्वप्नात धाकटा सहा वर्षांचा होता, नाकाला पीठ लागलेला, ढगांच्या पोत्यांवर पसरलेला. "ऊठ, शाळेला उशीर होतोय," ती म्हणाली. "अजून सकाळच आहे गं," म्हणत त्याने कूस बदलली. तिने डोळे उघडले. खरंच सकाळच होती.

शेजारी एक दंतवैद्य बाई बसल्या होत्या. अक्काने विचारलं, "किती वाजले हो?"

"कुठले सांगू? निघालो तिथले, की पोचणार तिथले?"

"खिडकीबाहेरचे."

बाई हसल्या. "ते मात्र मला सांगता येणार नाही."

अक्का खाली बघत राहिली. निळा समुद्र संथपणे मागे सरकत होता. इतकी वर्षं धाकटा म्हणायचा, लांब आहे गं. ती म्हणायची, कामातून निघवत नाही रे. ते अंतर तिने मनात केवढं वाढवून ठेवलं होतं! आणि ते तर एका सकाळीत मावत होतं. तिला हसू आलं.

विमानतळाच्या दाराशी टक्कल पडलेला, चष्मा लावलेला एक माणूस हात हलवत होता. अक्का त्याच्या मागे कुणी दिसतंय का ते बघू लागली.

"अक्का! अगं, मीच!"

ती जवळ गेली. त्याचा गाल चाचपला. "एवढंच?" तिचा आवाज चिरकला. "एवढंसंच होतं रे मधे? आणि आपण दोघं मठ्ठासारखे बसून राहिलो?"

भर गर्दीत धाकटा हुंदके देऊन रडायला लागला.

त्याची होणारी बायको गोंधळून पुढे झाली. "ताई, दमला असाल. काही खाल का?"

"माझं राहू दे. याला आधी कुठेतरी बसव, नाहीतर इथेच कोसळेल."

तिघं बाकावर बसली. नवरी चहा घेऊन आली. माणसं बॅगा ओढत समोरून येत राहिली, जात राहिली. चहा केव्हाच संपला, तरी कुणी उठायचं नाव घेईना.