चालवणार ह्या आहेत

"या साहेब, बसून तर बघा," असं म्हणत सेल्समनने चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि उस्तादांना वाट देत अदबीनं बाजूला सरकला.

उस्ताद जागचे हलले नाहीत. "मी नाही. चालवणार ह्या आहेत."

सेल्समनने मागे उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं. पिकलेले केस, खांद्याला कापडी पिशवी, उजव्या हाताच्या बोटावर सुईनं पडलेला जाड घट्टा. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर अडखळलं आणि पुन्हा जागेवर आलं.

"अच्छा, मॅडमसाठी! मग ही नको. ती उंच दाखवतो, ऑटोमॅटिक. गियरची कटकटच नाही."

"गियरची कटकट मला आवडते," वहिनी म्हणाल्या.

उस्तादांनी तोंड फिरवून हसू दाबलं.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत उस्तादांचं नाव मोठं होतं. कोंबड्यांनी आत अंडी घालावीत इतकी वाया गेलेली गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये ओढत आणावी आणि वर्षा-दोन वर्षांनी स्वतः चालवत न्यावी, असा तिथला रिवाज. इंजिन ते कानानं लावायचे. वहिनी मागच्या खोलीत जाड सुईच्या मशीनवर बसायच्या. सीटा, दारांची आतली कापडं, छताचं अस्तर, सगळं त्यांच्या हातचं. सगळे त्यांना वहिनीच म्हणत, अगदी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईक बॉनेट उघडून तासभर बघत बसे, रंगावरून हात फिरवी, मग आत बसे आणि नकळत "वा!" म्हणे. ती "वा" खरं तर वहिनींची. पण म्हणणाऱ्याला ते ठाऊक नसायचं, आणि वहिनीही कधी सांगायला बाहेर आल्या नाहीत.

गेल्या वर्षी उस्ताद कार्ब्युरेटरचा स्क्रू मान वाकडी करून, कडेनं बघायला लागले. वहिनींनी ते चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. पडद्याच्या मधोमध डाग पडत होता. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "गाडी मात्र आजपासून बंद."

जाताना उस्तादच चालवत गेले होते. येताना दोघं बसनं आली. त्यांची स्वतःची बेचाळीस वर्षांची गाडी, पिवळी, दोन दिवस दवाखान्याच्या आवारात उभी होती. शेवटी एका ओळखीच्या माणसानं ती आणून शेडमध्ये लावली. तेव्हा उस्ताद बाहेर आले नाहीत.

पुढच्या सोमवारी वहिनींनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

"आधी कधी चालवलीय का, काकू?" शिकवणाऱ्यानं विचारलं.

"चालवलीय की. चाळीस फूट पुढे, चाळीस फूट मागे. तीस वर्षं."

शेडमधल्या गाड्या हलवायचं काम त्यांच्याकडेच असायचं. रस्ता तेवढा नवा होता. परीक्षेत त्या पहिल्याच फेरीला पास झाल्या, आणि ही बातमी उस्तादांनी गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, कोणी विचारो न विचारो, सांगितली.

पण पिवळी रोजच्या कामाला नेण्यासारखी नव्हती. तिचं स्टिअरिंग वळवायला दोन्ही खांदे लावावे लागत, आणि वहिनींची मनगटं आधीच शिवणकामानं दुखरी. शिवाय थंडीत ती पंधरा मिनिटं खोकल्याशिवाय जागची हलत नसे. रोजची गाडी वेगळी हवी, हे ठरलं. कोणती, यावर मात्र गॅरेजमध्ये महिनाभर वाद रंगले. एका शौकिनाचं म्हणणं, रोजची गाडी जितकी कंटाळवाणी तितकी बरी, म्हणजे जुनीची गोडी टिकते. दुसरा त्याच्यावर उखडला. "अहो, आठवड्यातले सहा दिवस कंटाळायचं आणि एक दिवस जगायचं? हा काय हिशेब झाला?" मुलीनं फोनवर बजावलं, "आई, पुढे-मागे कॅमेरे असलेली घे. बाबांचं ऐकू नकोस."

बाबांची अट एकच होती. वळणावर हसू आलं पाहिजे.

"आणि मागे कापडाचा ताका आडवा मावला पाहिजे," वहिनींनी मशीनवरून मान वर न करता पुस्ती जोडली होती.

म्हणून आज दोघं वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या या मोठ्या आवारात आली होती. सेल्समननं ती उंच गाडी दाखवली. वहिनी आत बसल्या, पाठ टेकली आणि लगेच उतरल्या. "सोफ्यावर बसून टीव्ही बघितल्यासारखं वाटतं."

तेवढ्यात आवाराच्या टोकाला कोणीतरी एक इंजिन सुरू केलं. उस्ताद थबकले.

"कुठली ती?"

ती लाल, दोन दारांची, जमिनीलगतची गाडी होती. उस्तादांनी पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून मागच्या दिव्यापर्यंत तळहात फिरवला. बऱ्याच महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता. "ऐक गं. कसं एकसारखं बोलतंय! हीच घ्यायची. ताका टपावर बांधू."

वहिनी आत शिरल्या. गुडघे कुरकुरले, पण स्टिअरिंग हातात घेतल्यावर त्यांनाही ती आवडली. नाही कशाला म्हणा? त्यांनी सवयीनं सीटच्या कडेवरून बोट फिरवलं. मग खाली वाकून सीटच्या पोटात हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढला नाही.

"अहो, इकडे या. हात द्या."

त्यांनी उस्तादांचं बोट शिवणीवर ठेवलं. "दोरा नवाकोरा आहे. गाडी सात वर्षांची."

"मग काय झालं? कव्हर बदललं असेल."

"कव्हर बदललंय. आतला फोम नाही बदलला. दाबा इथं. कडक लागतोय ना? आता बोटांचा वास घ्या."

उस्तादांनी बोटं नाकाशी नेली. ओल्या मातीचा, तळ्याच्या काठाचा वास होता.

"सीटचे बोल्टही फुललेत गंजानं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "ही बुडालेली गाडी आहे. पाणी इथपर्यंत होतं."

सेल्समन गोरामोरा झाला. "मॅडम, आमच्या कागदांवर तसं काही..."

"तुम्हाला ठाऊक नसेल. आता झालं."

 उस्तादांचा हात अजून त्या लाल पत्र्यावर होता. वहिनींच्या मनात आलं, सगळे यांचा शब्द झेलतात, आणि आपणच परक्यासमोर यांना खोटं पाडलं. निदान बाजूला घेऊन तरी सांगायचं होतं.

"मला इंजिन बरं वाटलं," उस्ताद शेवटी म्हणाले.

"बरंच आहे. वायरिंग कधी दगा देईल, एवढंच सांगता येत नाही."

उस्तादांनी हात काढून घेतला आणि सेल्समनच्या दिशेनं वळले. तो त्यांना धूसर, चेहरा नसलेला दिसत असणार.

"तीस वर्षं लोक मला विचारतात, सीटा कुठं करून घेतल्या. मी म्हणायचो, आमच्याकडेच होतात." त्यांनी वहिनींकडे हात केला. "ह्या करतात. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या. मी कधी नाव घेतलं नाही. माझा कान फसला, ह्यांचं बोट नाही फसलं. लिहून ठेवा तुमच्या कागदांवर."

वहिनींना कुठं बघावं कळेना. त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"चला," त्या म्हणाल्या. "मागच्या रांगेत एक निळी दिसतेय मला."

निळी म्हणजे अगदीच साधी, छोटी, पाच दारांची. मागच्या दाराला पोचा होता. आधीची मालकीण शाळेत शिक्षिका होती म्हणे. वहिनींनी सीटच्या पोटात हात घातला, दारांचे रबर उचलून पाहिले, मागची सीट आडवी पाडली आणि कापडाचा ताका जेवढा लांब असतो तेवढे हात पसरून मापलं. मग किल्ली फिरवली. पहिल्या फिरकीत सुरू झाली.

आवारामागचा रस्ता टेकडीवर चढत जायचा. उस्ताद शेजारी बसले, सेल्समन मागे गुडघे पोटाशी घेऊन. उस्तादांनी डोळे मिटून घेतले होते. पहिलं वळण आलं. निळीनं नाक आत घातलं आणि मागचा भाग आज्ञाधारकपणे मागोमाग आला. इंजिन लहान, पण दम लावून ओढत होतं. पुढे चढ तीव्र झाला.

"आता दुस..."

"टाकला."

पुढच्या वळणाला उस्तादांनी तोंड उघडलं आणि न बोलताच मिटलं, कारण गियर आधीच पडला होता. तिसऱ्या वळणाला वहिनींना अचानक हसू फुटलं, मोठ्यानं, शाळकरी मुलीसारखं. मागून सेल्समन "मॅडम, जरा हळू!" म्हणाला तशी उस्तादही खो-खो हसायला लागले.

"हीच?" टेकडीच्या माथ्यावर वहिनींनी विचारलं.

"मला काय विचारतेस? चालवणार तू."

दोन महिन्यांनी शौकिनांचा वार्षिक मेळावा भरला, डोंगरापलीकडच्या मैदानावर. दर वर्षी उस्ताद तिथं पिवळी घेऊन जायचे. या वेळी निळी निघाली. घाट सुरू होईपर्यंत उस्ताद बोलत होते, मग गप्प झाले. वहिनींना वाटलं, लागलं असेल मनाला. सगळ्या लखलखीत गाड्यांत ही अशी पोचा पडलेली गाडी घेऊन उतरायचं.  वळणांमागून वळणं आपली आपण काढत त्या डोंगर उतरल्या, मैदानात शिरल्या आणि एका झाडाच्या सावलीत गाडी लावून शेजारी पाहिलं.

उस्ताद झोपले होते. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं.

हा माणूस धावत्या गाडीत कधी झोपला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात, रात्रभराच्या बसमध्ये, सगळे घोरत असताना हे पुढे जाऊन ड्रायव्हरला बेअरिंग गेलंय म्हणून सांगून आले होते. दुसऱ्याच्या हाती गाडी असली की यांचे कान ताठ.

वहिनींचा हात किल्लीकडे गेला आणि तिथंच थांबला. इंजिन बंद झालं की ते जागे होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लांबून दोघं-तिघं शौकीन हात हलवत, "उस्ताद आले, उस्ताद आले," म्हणत येऊ लागले. वहिनींनी काचेआडून ओठांवर बोट ठेवलं. ते सगळे मैदानाच्या मधोमध उभे राहिले. निळी संथ लयीत चालू होती, आणि वहिनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसून होत्या.