फॉक्सच्या जागी विल्फ

म्यूरिएलचं सगळं बालपण मार्ल्सकोममध्ये गेलं, आणि त्या गावात पोरांच्या लेखी मानाचं काम एकच होतं: पाच नोव्हेंबरला चर्चमागच्या मैदानातली शेकोटी पेटवणं. फार पूर्वी बंदुकीची दारू ठासून इंग्लंडच्या राजाला उडवायला निघालेल्या फॉक्सचा पुतळा पोरांनी करायचा, ढकलगाडीतून चौकात मिरवायचा, आणि ज्याचा पुतळा सरस त्याच्या हाती पलिता. लागोपाठ तीन वर्षं तो वखारवाल्यांच्या रेक्सनं पटकावला होता. त्यानंतर स्वारी थेट नाताळपर्यंत नाक वर करून फिरायची. नऊ वर्षांच्या म्यूरिएलला ते नाक आता बघवत नव्हतं.

यंदा तिनं पुतळा झकास केला. पेंढा भरला, टोपी घातली आणि दोरीवर वाळत असलेली वडिलांची विजार त्याला चढवली. ऐन दिवशी दुपारी वडील अंगणात आले.

"ही माझी विजार आहे."

"आजचा दिवस राहू द्या की, बाबा."

"आणि मी कामावर काय टेबलक्लॉथ गुंडाळून जाऊ?"

विजार गेली आणि कमरेखाली नुसता पेंढा उरला. म्यूरिएल अगदी रडकुंडीला आली. तेवढ्यात तिची नजर धाकट्या भावावर पडली. विल्फ पाच वर्षांचा, गुबगुबीत, आणि बहिणीच्या शब्दाबाहेर नसलेला.

"मी सांगेपर्यंत हलायचं नाही," तिनं त्याला कागदी मुखवटा बांधत बजावलं.

"खाजलं तर?"

"पुतळ्यांना खाजत नाही."

बाह्यांत पेंढा खोचून विल्फ गाडीत बसला. चौकात परीक्षक होते खाटीक स्केल्टनकाका. त्यांनी काठीनं त्याच्या पोटाला ढोसून पाहिलं. विल्फ ढिम्म.

"हा श्वास घेतोय," रेक्स म्हणाला.

"वारा सुटलाय," म्यूरिएल म्हणाली. "आणि तुझं ते बुजगावणं बघ, त्याला बघून कावळेही हसतील."

"जन्मभर मांस तोलतोय मी," स्केल्टनकाका म्हणाले, "पण पेंढ्याला असं अंग धरलेलं कधी पाहिलं नाही. पोरी, पलिता तुझा."

पेटता पलिता हातात आला आणि म्यूरिएलचा आनंद पोटात मावेना. तिनं रेक्सकडे मनसोक्त बघून घेतलं. या भरात ती एक गोष्ट साफ विसरली. पहिला आलेला पुतळा शेकोटीच्या माथ्यावर बसवतात. तिला आठवलं तेव्हा दोन दांडगे गडी विल्फला उचलून शिडी चढत होते.

"काय भरलंय यात? बटाटे?" वरचा धापा टाकत म्हणाला.

आता बोललं तर पलिता जाणार, तोही रेक्सकडे. खोटं कशाला सांगा, म्यूरिएलनं एकदा त्या ज्वाळेकडे पाहिलंच. मग तिनं पलिता स्केल्टनकाकांच्या हातात कोंबला.

"पेटवू नका. तो आमचा विल्फ आहे."

स्केल्टनकाका मटकन गवतावर बसले. एका बाईनं किंकाळी फोडली, पाद्रीबुवा देवाचं नाव घेऊ लागले, वडील शिडीकडे धावले. एवढा गलका झाला, तरी लाकडांच्या ढिगावर विल्फ टोपीसकट ताठ बसून होता. वडिलांनी त्याला खांद्यावर टाकून खाली आणला, तेव्हाही त्याचे हात काठीसारखे सरळच होते.

पलिता रेक्सला मिळाला. "आजपासून महिनाभर भांडी तू घासायचीस," एवढंच आई म्हणाली, आणि त्या आवाजात म्हटल्यावर वाद नव्हता.

मैदानाच्या कडेला म्यूरिएलनं विल्फचा मुखवटा सोडला. आत चेहरा घामानं भिजला होता.

"वेड्या, ओरडला का नाहीस? जाळणार होते ते, कळत नव्हतं का तुला?"

"कळत होतं."

"मग?"

"तू अजून कुठं सांगितलं होतंस?" विल्फ म्हणाला. "आता हलू?"

मागं रेक्सनं शेकोटी पेटवली आणि सगळं गाव ओरडलं. म्यूरिएलनं मान हलवली आणि त्याच्या बाह्यांतला पेंढा उपसायला घेतला.