धूळपाटीवर उत्तरं येईनात

घुग्घुसच्या ट्रकरस्त्याला लागून एक बुद्धविहार आहे. तिथलं वाचनालय सत्यशीला सांभाळायची. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं वस्तीचा स्वतःचा सर्व्हर उभा केला होता, नाव धूळपाटी. साठेक जणांची खाती त्यावर होती. असे लहानमोठे सर्व्हर गावोगाव असतात. मालक वेगळे, पण टपाल कचेऱ्यांसारखे एकमेकांचे निरोप पोचवतात. धूळपाटीवरच्या बाया रोज सकाळी छतावर स्टीलचं ताट ठेवत, दुपारी त्यावर साचलेल्या कोळशाच्या धुळीच्या काळ्या थरात बोटानं तारीख लिहून फोटो टाकत. बाहेरगावचे लोक विचारपूस करत.

वादळानं दोन दिवस वीज गेली. मंगळवारी ती आली, आणि तेव्हापासून बाहेरून एकही उत्तर येईना.

शनिवारी रुखमा आली. एक दिवस न चुकवता फोटो टाकणारी हीच.

"ताई, माहं खातं बंद कर."

"काऊन?"

"लोकायले कंटाळा आला. कोनी हूं की चूं नाई. आपलं ताट कोन पाहीन रोज रोज?"

सत्यशीलानं तिला उद्यापर्यंत थांबायला सांगितलं. तिलाही तसंच वाटू लागलं होतं. पण संध्याकाळी एटापल्लीच्या दवाखान्यातल्या साधना सिस्टरचा फोन आला. तिचं खातं दुसऱ्या सर्व्हरवर होतं.

"मंगळवारपासून तुमच्याकडचं काहीच येऊन नाई राह्यलं. रुखमाबाईच्या जुन्या फोटोखाली मी तीनदा विचारलं, नातीचा खोकला कसा आहे म्हनून. रागावली का ते?"

म्हणजे लोक बोलत होते. बोलणं वाटेत अडत होतं.

सगळ्यात जास्त वाचक शहरातल्या एका मोठ्या सर्व्हरवर होते. त्याच्या चालकाला तिनं ईमेलनं विचारलं, आम्हाला अडवलंय का? उत्तर सभ्य होतं. 'अडवलेलं नाही. पण अशा घरगुती यंत्रावर हे होणारच. तुमची सगळी खाती आमच्याकडे हलवा. अट एकच, ताटाचा फोटो आठवड्यातून एकदाच टाका. रोज तेच पाहून आमचे सदस्य वैतागतात.'

रविवारी वंदनेनंतर तिनं हे सगळ्यांना वाचून दाखवलं. खाणीतून निवृत्त झालेले श्रावणभाऊ वाचनालयाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "जाऊन पाहू ना. तिथी कोनी वाचीन तरी."

"धूळ आठवड्यातून एकदा पडते का, भाऊ?" सत्यशीलानं विचारलं.

बिघाड शोधून पाहते, म्हणाली. तिनं दोन दिवस मागून घेतले.

आधी तिनं धूळपाटीवरच्याच एका खात्यातून दुसऱ्यात निरोप पाठवला. लगेच पोचला. साधनाला पाठवलेला पोचला नाही. म्हणजे बिघाड दारापाशीच होता. मग सर्व्हर आपोआप लिहीत असतो ती नोंदवही उघडली, तर ओळीमागून ओळ एकच तक्रार: सहीची वेळ जुळत नाही. प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्या सर्व्हरची सही असते आणि सहीत वेळ असते, एवढं तिला ठाऊक होतं. पण कोणाची वेळ चुकतेय?

तिनं रुखमाचा शेवटचा फोटो उघडला. ताटावर बोटानं लिहिलं होतं चौदा. फोटोखाली कॉम्प्युटरनं छापलं होतं बारा.

वीज गेली तेव्हा घड्याळ थांबलं होतं. आतला बटणासारखा सेल मेला होता, आणि इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय तिनंच कधीतरी बंद ठेवलेली. दोन दिवस मागं असलेला सर्व्हर जगाला खोटारडा वाटत होता आणि जग त्याला. चूक आपलीच, हे तिनं रुखमाला सरळ सांगितलं.

घड्याळवाल्याकडून सेल आणला, वेळ लावली, ती सोय सुरू केली. न पोचलेला निरोप बाकीचे सर्व्हर बरेच दिवस पुन्हापुन्हा पाठवत राहतात. तासाभरात उत्तरं ठिबकू लागली. एकट्या रुखमाला अकरा. तिनं प्रत्येक उत्तर दोनदा वाचलं.

मोठ्या सर्व्हरवाल्यानं पुन्हा लिहिलं, 'तरीही विचार करा. पुढच्या वेळी काय कराल?'

"लिही," रुखमा म्हणाली. "आमी येऊन नाई राह्यलो. पुढच्या वेळी बी आमीच दुरुस्त करू. ज्यायले वैताग येते त्यायनं आठ दिवस इथी राहाले यावं."

सत्यशीलानं शब्द न बदलता पाठवलं.

श्रावणभाऊ मागं उभे राहून ऐकत होते. "ते नोंदवही कशी उघडाची?" त्यांनी विचारलं. "मले बी दाखव. तू एकटीनं काऊन पाहाचं?"

सत्यशीला खुर्चीवरून उठली आणि तिनं त्यांना बसायला सांगितलं.